घरोघर, कीं एका घरीं?

(वाचावें : लूक, अध्याय १०, वचनें १ ते ११)



गेल्या पावसाळ्यांत आमच्या भागांतील एका उपदेशक बंधूंचें पत्र आम्हांस आलें. शेजारच्या एका गांवीं ते नेहमींप्रमाणें घरोघर भेटीस गेले असतां कांहीं तरुणांनीं त्यांस अडविलें, मोबाइलवर त्यांचें चित्र घेतलें, आणि त्यांस पोलीस ठाण्यांत नेलें. तेथें त्यांस कोणीं हात लाविला नाहीं. जबाब लिहून घेऊन दिवेलागणीस सोडून दिलें. परंतु ते घरीं पोंचण्यापूर्वींच तें चित्र गांवभर झालें होतें, व त्यांच्या दहावींतल्या मुलीनें तें शाळेंतून येतांना दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहिलें. गडबडींत त्यांची पिशवी ज्या घराच्या ओट्यावर राहिली होती, त्या घरच्या बाईनें ती दुसऱ्या दिवशीं मुलाच्या हातीं पाठवून दिली, एवढेंहि त्यांनीं लिहिलें आहे. आणि शेवटीं एकच प्रश्न केला आहे : 'पाळकसाहेब, आतां दारोदार जाणें बंद करावें काय? होय म्हणा अगर नाहीं म्हणा, पण स्पष्ट सांगा.'

ह्या पत्राचें उत्तर देण्यास आम्हांस पुष्कळ दिवस लागले. उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस आपलेंच एक जुनें पाप आठवलें. तें सांगितल्यावांचून पुढें बोलणें खरेपणाचें होणार नाहीं.

वीस वर्षांपूर्वीं आम्ही सेमिनरीचें शिक्षण संपवून नुकतेच कामावर रुजू झालों होतों. दर महिन्यास वर पाठवावयाचा एक तक्ता असे. त्यांत रकाने असत : भेट दिलेलीं घरें, वांटलेलीं पत्रकें, विकलेलीं शुभवर्तमानें, ऐकणारांची संख्या. तो तक्ता वाईट हेतूनें कोणीं केला नव्हता, पण आम्हीं तो पूजावयास लागलों होतों. एके दिवशीं आम्ही पाथर्डीकडच्या एका गांवांत गेलों. दिवाळी होऊन गेली होती. अर्धें गांव ऊसतोडीस गेलेलें, म्हणून दारांदारांवर कुलुपें. एका गल्लीच्या टोकास एक म्हातारी ओट्यावर बसलेली होती. तिनें कमरेचा बटवा सोडून एक चिठ्ठी काढिली. त्यावर मुकादमाचा नंबर होता. 'बाबा, शिकलेले दिसता. एवढा फोन लावून द्या. लेक आणि सून फडावर गेलीत, सून पोटुशी हाये. काई कळंना.' एस. टी. स्टँडाजवळच्या दुकानांत लाल डब्याचा फोन होता. त्यांत रुपया टाकिला कीं बोलतां येई. स्टँड तेथून दोनशें पावलांवर नसेल. परंतु आम्हांस अजून दोन गल्ल्या करावयाच्या होत्या. आम्हीं तिच्या हातीं एक पत्रक दिलें, दोन शब्द बोललों, 'उद्यां लावून देतों' म्हणालों आणि पुढें गेलों. दुसऱ्या दिवशीं दुसरें गांव होतें.

त्या दिवशींच्या रकान्यांत आम्हीं '४१ घरें' असें लिहिलें.

पंधरा दिवसांनीं त्याच गांवीं पुन्हां जाणें झालें. सून फडावरच्या कोपींत बाळंत झाली होती आणि मूल जगलें नव्हतें. म्हातारीस तें आदल्या दिवशीं कळलें होतें, तेंहि गांवांत आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्याकडून. ती आम्हांवर रागावली नाहीं. दिलेलें पत्रक तिनें देवळीत ठेविलें होतें, तें दाखविलें, आणि म्हणाली, 'तुमचा कागद ठेवलाय मी जपून, बाबा. पण रुपया नव्हता का तवा तुमच्यापाशी?'

बंधुभगिनींनो, आज आम्ही दारोदार जाण्याच्या अडचणींविषयीं बोलूं लागलों म्हणजे दार लावून घेणाऱ्यांचीच यादी करितों. तीं दारें खरोखर बंद होतातच. तें पुढें पाहूं. पण आमच्याकरितां त्या दिवशीं एक दार सताड उघडें होतें, आणि आम्हीं तें आपल्या हातानें लावून घेतलें. तें गांव आम्हांस अडविण्यास उठलें नव्हतें.

आतां शास्त्राकडे वळूं. प्रभूनें सत्तर शिष्यांस दोघे दोघे असें पाठविलें. सोबत थैली, झोळी, पायतण कांहीं घेऊं नये असें सांगितलें. घरांत शिरतांच प्रथम त्या घरास शांति असो असें म्हणावें. मग जें वाढतील तें खावें-प्यावें, दुखणाइतांस बरें करावें, आणि देवाचें राज्य जवळ आल्याचें सांगावें. ह्या आज्ञांत सातव्या वचनीं एक आज्ञा अशी आहे कीं, ती आम्हीं कितीदां वाचिली असेल आणि कितीदां ओलांडून गेलों असूं! प्रभु म्हणतो, त्याच घरीं राहा. ह्या घरांतून त्या घरांत असें फिरूं नका. ज्या वचनाच्या आधारें आम्ही घरोघर फिरतों, त्याच वचनांत फिरणें मना केलें आहे!

कोणी विचारील, मग प्रेषित पौल इफिसांतल्या वडिलांस आपण चारचौघांत व घरोघरीं शिकविलें असें प्रेषितांच्या कृत्यांच्या २० व्या अध्यायांत म्हणतो, त्याचें काय? त्याच भाषणांत थोडें पुढें वाचावें. तो तेथें तीन वर्षें होता. त्यानें कोणाच्या रुप्यासोन्याचा किंवा वस्त्राचा लोभ धरिला नाहीं, आपल्या हातांनीं कष्ट करून आपला व सोबत्यांचा चरितार्थ चालविला. हें त्या लोकांस ठाऊक होतें. म्हणजे त्याचें घरोघर जाणें हें ओळखीच्या माणसाचें जाणें होतें. आमचें जाणें पुष्कळदां फेरीवाल्याचें जाणें असतें. फेरीवाला निदान पुन्हां येतो.

आजच्या गांवांत दारावर कोणकोण येतात तें पाहा. विम्याचा एजंट येतो, बचतगटाच्या कर्जाचा हप्ता मागणारा येतो, निवडणुकींत पांच वर्षांनीं एकदां हात जोडणारे येतात. ह्या सर्वांनीं माणसाच्या मनांत एक गोष्ट ठसविली आहे, ती ही कीं, अनोळखी मनुष्य गोड बोलला म्हणजे त्यास कांहीं हवें असतें. आम्ही त्या रांगेंत शेवटीं उभे राहतों. शहराकडे गेलेल्या आमच्या मंडळीच्या मुलांस तर इमारतीच्या फाटकावरच रखवालदार अडवितो. पूर्वीं मिशनच्या दिव्याचीं चित्रें पाहावयास गांव चावडीपुढें जमे, रेव्हरंड टिळकांच्या कीर्तनास माणसें लोटत. आज प्रत्येकाच्या खिशांत चित्रांचा दिवा आहे, आणि शिवाय त्याच दिव्यांतून आम्हांविषयीं खऱ्याखोट्या गोष्टी रोज दहा वेळां त्यास पोंचतात. कुत्र्यांचें आम्ही बोलत नाहीं. तीं पौलाच्या वेळींहि असतीलच.

पण ह्या बाहेरच्या अडचणी होत. उंबऱ्यावर उभें राहिल्यावर जे प्रश्न विचारिले जातात ते अधिक कठीण आहेत, आणि त्यांपासून पळून चालावयाचें नाहीं.

पहिला प्रश्न तरुण विचारतात : 'ह्याचे तुम्हांस किती मिळतात?' आमचे कांहीं बंधु ह्या प्रश्नानें चिडतात. चिडूं नये. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे असें प्रभूच म्हणाला आहे, मग मजुरी सांगण्यास लाज कसली? पगार असेल तो आंकड्यासह सांगावा. बहुतेकदां तो आंकडा ऐकून विचारणारासच दया येते. लपविण्यासारखें कांहीं असेल तरच हा प्रश्न बोंचेल. आणि जेथें धान्य, साडी, शाळेची फी ह्यांची सांगड कोणीं बाप्तिस्म्याशीं घातली असेल, तेथें त्या तरुणाचा राग खरा आहे, आमचा नव्हे.

दुसरा प्रश्न बायाबापुडीं डोळ्यांनीं विचारतात, तोंडानें नव्हे. घरांत दुखणाइत आहे, तुमच्या प्रार्थनेनें बरें होईल काय? प्रार्थना अवश्य करावी. तशी प्रभूची आज्ञाच आहे. परंतु आमच्या तालुक्यांत एका बाहेरून आलेल्या उपदेशकानें साखरेच्या विकाराच्या एका बाईस विश्वासाची खूण म्हणून इंजेक्शन बंद करावयास सांगितलें. ती वांचली, पण तिचा पाय कापावा लागला. त्या घराचा उंबरा आतां कोणत्याहि ख्रिस्ती मनुष्यास चढतां येत नाहीं, आणि येऊंहि नये. चमत्काराचा देखावा करून लोकांस फसविणें हा २०१३ सालच्या महाराष्ट्राच्या कायद्यानें गुन्हा आहे; आमच्या मतें देवाच्या नियमशास्त्रानें तो त्याच्या फार आधींपासून गुन्हा आहे, कारण तें त्याचें नांव व्यर्थ घेणें होय. प्रार्थना करून उठल्यावर पहिलें वाक्य असें असावें : 'औषध चालूं ठेवा, आणि दवाखान्यांत सोबत लागली तर आम्हांस हांक मारा.' लूक, ज्याच्या ग्रंथांतून आम्ही हें वाचीत आहों, तो स्वतः वैद्य होता.

तिसरा प्रश्न सर्वांत जड आहे. तो आमच्याच वस्तींतले भाऊबंद विचारतात : 'पोराच्या दाखल्याचें काय?' १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आज्ञेनें अनुसूचित जातींच्या सवलतींस धर्माची अट घातली. पुढें १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस त्या लागू झाल्या, ख्रिस्ती मनुष्यास मात्र झालेल्या नाहींत. म्हणजे एका बापाचे दोन मुलगे. एकानें बौद्ध धर्म घेतला, एकानें बाप्तिस्मा घेतला. दोघांच्या पणजोबांस एकाच वेशीबाहेर उभें केलें होतें, परंतु सरकारी कचेरींत आज एकासच तें उभें राहणें मोजिलें जातें. ह्याविषयीं न्याय मागणें चालू आहे आणि तें चालू राहावें. पण दारावर उभे असतां आम्हीं काय सांगावें? कांहीं उपदेशक म्हणतात, 'कागदावर एक नांव राहूं द्या, मंडळींत दुसरें घ्या.' बंधूंनो, आम्ही कोणाच्या गरिबीचा न्याय करूं इच्छीत नाहीं. आमच्या मंडळ्यांत अशीं घरें आहेत, आणि तीं रात्रीं नीट झोंपत नाहींत हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि असा सल्ला उपदेशकाच्या तोंडून जाऊं नये. जो मनुष्य खऱ्याच्या दारांत येऊं पाहतो, त्याच्या पहिल्या पावलाखालीं आम्हीं खोटें अंथरावें काय? जें जाणार तें त्यास आधीं स्पष्ट सांगावें. प्रभूनें बुरूज बांधणाराचा दाखला दिला, तो आधीं बसून खर्चाचा हिशेब करितो. हिशेब ऐकून तो मनुष्य 'आज नको' म्हणाला, तर त्याच्याकडचा चहा घेऊन त्यास आशीर्वाद द्यावा. आमचा तक्ता रिकामा राहील, राहूं द्यावा.

चहाचें नांव निघालें म्हणून सांगतों. ज्या उंबऱ्यांवर आमच्या आज्यापणज्यांची सावली चालत नसे, त्यांवर आज आम्ही वहाणा काढून चढतों. त्यांतल्या कांहीं घरांत पेला अजून निराळा असतो. आपले तरुण उपदेशक पेल्याकडे पाहून उठून येतात. त्यांचा अपमान खरा आहे, आणि तो सोसलाच पाहिजे असें त्यांस आम्हीं कोणत्या तोंडानें सांगावें? आम्ही स्वतः एकदां प्यालों आहों व एकदां उठून आलों आहों. दोन्ही वेळीं रात्रभर झोंप आली नाहीं. जें वाढतील तें खावें असें प्रभु म्हणतो; पेल्याविषयीं प्रत्येकानें त्याच्यापुढें गुडघे टेंकून ठरवावें. मात्र तोच उपदेशक आपल्या घरीं मांग बंधु आला असतां कोणता पेला काढितो, तेंहि त्यानें त्याच गुडघ्यांवर असतां आठवावें.

एकाच घरांतल्या उंबऱ्यासहि किती काळ लागतो पाहा. नारायण वामन टिळकांच्या हातीं नवा करार आला तो कोणा दारोदार फिरणाऱ्या उपदेशकाकडून नव्हे. आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानें तो दिला. त्यांचा बाप्तिस्मा मुंबईस १८९५ सालीं झाला. लक्ष्मीबाईंचा झाला तो १९०० सालीं. मधलीं पांच वर्षें नवरा ख्रिस्ती, बायको हिंदु. कांहीं काळ ताटातूट, मग एकत्र राहूनहि सोवळेंओवळें निराळें. महाराष्ट्रांतल्या सर्वोत्तम वक्त्यांपैकीं एक मनुष्य ज्या घरांत रोज वावरत होता, त्या घराचें आंतलें दार उघडण्यास पांच वर्षें लागलीं, आणि तेंहि त्यानें धक्का देऊन उघडलें नाहीं. आणि आम्ही पांच मिनिटें ओट्यावर उभे राहून निराश होतों!

आतां कायद्याविषयीं, कारण पत्र लिहिणाऱ्या बंधूंची भीति तेथें आहे. आपल्या घटनेच्या २५ व्या अनुच्छेदानें धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांस दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य ह्यांच्या मर्यादेंत. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ह्याचा अर्थ असा लाविला कीं, आपल्या धर्माचीं तत्त्वें समजावून सांगणें हा प्रसार होय. दुसऱ्याचें धर्मांतर करविणें हा हक्क त्यांत येत नाहीं. ओरिसांत १९६७ सालीं, मध्यप्रदेशांत १९६८ सालीं व त्यानंतर इतर कित्येक राज्यांत जबरी व आमिष ह्यांविरुद्ध कायदे झाले. प्रत्येक उपदेशकानें आपल्या राज्यांतला कायदा जाणत्या वकिलाकडून नीट समजून घ्यावा, ऐकीव गोष्टींवर राहूं नये. फिलिप्पैंत पौलानें फटके सोसले, तुरुंगांत गीतें गाइलीं, आणि सकाळीं अधिकाऱ्यांनीं त्यास गुपचूप घालवून द्यावयास पाहिलें तेव्हां आपण रोमी नागरिक आहों हें बजावून सांगितलें. गीत गाणें आणि हक्क सांगणें ह्या दोन्ही गोष्टी त्यास येत होत्या.

ह्या कायद्यांचा दुरुपयोग होतो, निरपराध्यांस त्रास होतो, हें खरें. परंतु न्यायालयाच्या त्या निवाड्यांतील एक वाक्यार्थ आम्हांस आमच्याच शिकवणीसारखा वाटतो. दुसऱ्याचें मन आम्हीं पालटूं शकत नाहीं. तें काम आमचें कधीं नव्हतेंच. तें पवित्र आत्म्याचें आहे. जो उपदेशक 'मीं इतक्यांस आणिलें' असें म्हणतो, त्यानें न्यायालयापूर्वीं आपल्या प्रभूस उत्तर द्यावें.

आणि नकार आला तर? दहाव्या अध्यायाच्या अगदीं आधीं, नवव्याच्या शेवटीं, एक शोमरोनी गांव प्रभूस उतरूं देत नाहीं. याकोब व योहान ह्यांस वाटलें, आकाशांतून अग्नि पाडून हें गांव जाळावें. प्रभूनें वळून त्या गांवास नव्हे, त्या दोघांस धमकाविलें. मग ते दुसऱ्या गांवीं गेले. आपल्या प्रार्थनासभांत अलीकडे कधीं कधीं अशी प्रार्थना ऐकूं येते कीं, अमक्या गांवास देवानें धडा शिकवावा. ती याकोब-योहानांची प्रार्थना आहे. ती तशीच परत येते. पायांची धूळ झाडावी, पण धूळच, निखारे नव्हे. आणि ज्या तरुणांनीं आमच्या बंधूंस अडविलें, त्यांतल्या एकाची आई पूर्वीं आमच्या मिशनच्या दवाखान्यांत बाळंत झाली होती, असें मागाहून कळलें. ती शेजाऱ्यांस म्हणाली, 'मास्तर चांगला माणूस हाये, पण दर खेपेला नवीनच सांगायला येतो. कधी इचारत न्हाई, तुमचं कसं काय.' हें आम्हीं त्या बंधूंस कळविलेलें नाहीं, कारण तीच गोष्ट एका म्हातारीनें आम्हांस वीस वर्षांपूर्वीं सांगितली होती.

शेवटीं आम्हीं पत्राचें उत्तर लिहिलें. होय असें लिहिलें नाहीं आणि नाहीं असेंहि नाहीं. लिहिलें तें असें : पत्रकांचा गठ्ठा कपाटांत ठेवा. तक्ता आम्ही ह्या वर्षापुरता मागणार नाहीं; वर काय सांगावयाचें तें आम्ही पाहूं. आधीं आपल्या मुलीजवळ बसा, तिनें काय पाहिलें तें तिलाच सांगूं द्या. तुमचें पहिलें घर तेंच आहे. मग ज्या बाईनें पिशवी परत पाठविली, तिच्या घरीं आभार मानावयास जाऊं. पण तिला न विचारतां नको. आपल्या जाण्यानें तिला शेजाऱ्यांचा त्रास व्हावयाचा नाहीं. पिशवी आणणाऱ्या मुलाबरोबर निरोप पाठवा, ती 'नको' म्हणाली तर तीच देवाची इच्छा समजूं.

निरोपाचें उत्तर गेल्या आदित्यवारीं आलें. त्या बाईनें कळविलें आहे, 'गुरुवारी या. बाजार नसतो, घरीच असतो आम्ही. पण चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई.' उपदेशक बंधूंनीं आपण येणार किंवा नाहीं हें अजून कळविलेलें नाहीं. आम्ही गुरुवारीं सकाळच्या एस. टी.नें निघून त्यांच्या घरावरूनच जाणार आहों.